मध्यम शहरातील एकेरी रस्ते

तांबड्या वर्तुळात पांढरी आडवी पट्टी असलेली पाटी आता कोणत्याही शहरातील माणसाच्या परिचयाची झाली आहे. पाटी लहान असते, ती उभी करावयास दोन मजूर आणि अर्धा दिवस पुरतो. परंतु तिच्यामुळे त्या रस्त्यावरील जीवनक्रमात जो पालट होतो तो मात्र लहान नसतो. काल ज्या रस्त्याने माणूस आपल्या दुकानात जात होता आणि त्याच रस्त्याने सायंकाळी घरी परतत होता, तो रस्ता आज केवळ जाण्याचा किंवा केवळ येण्याचा उरतो. या पालटाने शहराच्या मध्यभागाचे हित होते की अहित, हा प्रश्न रहदारीच्या शास्त्राचा म्हणून सहसा तज्ज्ञांकडे सोपविला जातो. वस्तुतः तो व्यापाऱ्यांचा, पादचाऱ्यांचा आणि शाळेत जाणाऱ्या मुलांचाही आहे.

एकेरी रस्त्याची कल्पना मोटारीपेक्षा पुष्कळच जुनी आहे. लंडनमध्ये १६१७ साली टेम्स नदीकाठच्या अरुंद बोळांतून मालाच्या गाड्यांनी एकाच दिशेने जावे असा निर्बंध घालण्यात आला होता. पुडिंग लेन हा त्या बोळांपैकीच एक. पुढे १६६६ साली लंडनची प्रसिद्ध आग जेथे लागली तोच. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत विल्यम फेल्प्स ईनो नावाच्या गृहस्थांनी रहदारीला शिस्त लावण्याचा ध्यास घेतला. १९०३ साली न्यूयॉर्कने स्वीकारलेली वाहन हाकण्याची नियमावली त्यांचीच, आणि चौकातील वर्तुळाभोवती सर्व वाहनांनी एकाच दिशेने फिरावे ही पद्धत त्या शहरात आणण्याचे श्रेयही त्यांच्याकडेच जाते. या गृहस्थांनी स्वतः मात्र जन्मात कधी मोटार चालविली नाही असे सांगतात. १९०८ साली फिलाडेल्फियात काही रस्ते एकेरी झाले, आणि तेव्हापासून ही पद्धत हळूहळू जगभर पसरली.

अभियंत्यांना ही पद्धत इतकी प्रिय का झाली, हे समजून घेतल्याशिवाय तिच्याविषयी न्याय्य मत बनविता येणार नाही. त्याची दोन कारणे आहेत आणि दोन्ही भक्कम आहेत.

पहिले कारण चौकाचे. दोन साधे दुहेरी रस्ते एकमेकांना छेदतात तेथे चारही बाजूंनी वाहने येतात आणि प्रत्येक वाहन सरळ, डावीकडे किंवा उजवीकडे जाऊ शकते. या सर्व मार्गांच्या रेषा कागदावर काढल्या, तर त्या एकमेकींना छेदतात, मिळतात किंवा एकमेकींपासून फुटतात अशा ३२ जागा निघतात. त्यांपैकी १६ ठिकाणी एक गाडी दुसरीचा मार्ग सरळ कापते, आणि गंभीर अपघात बहुधा येथेच होतात. आता हे दोन्ही रस्ते एकेरी करून पाहावे. प्रत्येक बाजूने गाड्यांची एकच रांग येते असे धरले, तर अशा जागा केवळ ५ उरतात आणि मार्ग कापण्याची जागा एकच राहते. समोरून येणाऱ्या रांगेला आडवे जाऊन घ्यावे लागणारे वळण तर अजिबात नाहीसे होते. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून हे त्रासाचे वळण उजवे असते. अमेरिकेत व कॅनडात ते डावे असते. एक गाडी असे वळण घेण्यासाठी थांबली की तिच्या मागे दहा गाड्या अडतात, हा अनुभव कोणाला नाही?

दुसरे कारण दिव्यांचे. एका रस्त्यावर दर १०० मीटरवर चौक आहे आणि प्रत्येक चौकात दिवा आहे असे समजावे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी हे अंतर सुमारे ९ सेकंदांत कापते. तेव्हा प्रत्येक पुढचा दिवा मागच्या दिव्याच्या ९ सेकंद नंतर हिरवा होईल अशी योजना केली, की गाड्यांचा जथा कोठेही न थांबता रस्त्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो. हिच्यालाच हिरवी लाट म्हणतात. आता उलट दिशेने येणाऱ्या गाडीचा विचार करावा. तिला पुढच्या चौकात पोचण्यास ९ सेकंद लागतात, पण तेथील दिवा तिच्या मागच्या दिव्याच्या ९ सेकंद आधीच हिरवा झालेला असतो. म्हणजे प्रत्येक चौकात ती १८ सेकंदांनी मागे पडते आणि तीन-चार चौकांत तांबड्या दिव्यापुढे येऊन उभी राहते. दोन्ही दिशांना सारखीच हिरवी लाट हवी असेल, तर दिव्यांमधील अंतर दिव्याच्या अर्ध्या फेऱ्यात गाडी जेवढे जाईल तेवढे असावे लागते. ८० सेकंदांचा फेरा आणि ताशी ४० किलोमीटर वेग धरला, तर हे अंतर सुमारे ४४० मीटर येते. शहराच्या मध्यभागी चौक इतके दूर असत नाहीत. म्हणून दुहेरी रस्त्यावर कोणातरी एका बाजूला थांबावेच लागते. एकेरी रस्त्यावर ती अडचण मुळातच राहत नाही.

एवढे गणित पुढ्यात असल्यावर १९४५ नंतरच्या काळात उत्तर अमेरिकेतील नगरपालिकांनी एकेरी रस्त्यांचा धडाका लावला यात नवल नाही. ट्राम बंद होत होत्या, मोटारी झपाट्याने वाढत होत्या, मध्यमवर्ग उपनगरांत राहावयास जात होता आणि त्याला सकाळी कचेरीत व सायंकाळी घरी लवकर पोचावयाचे होते. न्यूयॉर्कने फर्स्ट व सेकंड हे हमरस्ते १९५१ साली, आणि फिफ्थ व मॅडिसन हे हमरस्ते १९६६ साली एकेरी केले. परंतु न्यूयॉर्कचे मॅनहॅटन बेट हे मध्यम शहर नव्हे. तेथील पदपथावरची गर्दी इतकी दाट आणि भुयारी रेल्वे इतकी सर्वत्र पसरलेली, की रस्त्यावरच्या मोटारी कोणत्या दिशेने धावतात यावर दुकानांचे नशीब फारसे अवलंबून राहत नाही. न्यूयॉर्कला जे मानवले ते पाच-सहा लाख वस्तीच्या गावाला मानवेलच, हे गृहीत धरण्यातच चूक झाली.

अशा गावांपैकी कॅनडातील हॅमिल्टन हे एक उदाहरण चांगले बोलके आहे. ओन्टारिओ सरोवराच्या पश्चिम टोकाला वसलेले हे पोलादाच्या कारखान्यांचे शहर. २०२१ च्या खानेसुमारीत त्याची लोकसंख्या ५ लाख ६९ हजार भरली. २०११ च्या खानेसुमारीतील कोल्हापूर किंवा नांदेड शहराच्या जवळपास. शहराच्या मध्यातून मेन स्ट्रीट व किंग स्ट्रीट हे दोन रस्ते पूर्व-पश्चिम समांतर जातात. १९५१ साली तेथील ट्रामगाड्यांनी शेवटची फेरी केली, आणि १९५६ साली हे दोन्ही रस्ते, त्यांच्याबरोबर मध्यभागातील इतरही कित्येक, एकेरी करण्यात आले. मेन स्ट्रीटवरून सर्व वाहने पूर्वेकडे, किंग स्ट्रीटवरून सर्व पश्चिमेकडे. दिव्यांची हिरवी लाट बसविण्यात आली. चार-पाच गाड्या शेजारी शेजारी धावतील एवढ्या रुंद रस्त्यावर समोरून येणारे कोणी नाही, पुढचा दिवा हिरवा होणार याची खात्री आहे, अशा स्थितीत चालकाचा पाय आपोआप वेगाच्या पट्टीवर दाबला जातो. जे हवे होते ते मिळाले. शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणे फारच सोपे झाले.

पण शहराच्या मध्यभागाचे प्रयोजन त्यातून आरपार जाणे हे असते काय? बाजारपेठेत माणसे येतात ती थांबण्यासाठी. तेथे दुकानाच्या काचेत काही दिसले म्हणून वेग कमी करावा, ओळखीचा माणूस दिसला म्हणून गाडी कडेला घ्यावी, पलीकडच्या बाजूच्या उपाहारगृहात जावे, असा व्यवहार चालतो. ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या जथ्यात यांपैकी काहीच घडत नाही. शिवाय एकेरी रस्त्यावरच्या दुकानांना एक सूक्ष्म अन्याय सोसावा लागतो. सकाळी कामाला जाणाऱ्यांचा ओघ ज्या रस्त्याने जातो त्या रस्त्यावर थांबण्यास कोणाला सवड नसते. भाजी, पाव, औषध यांची खरेदी सायंकाळी परतताना होते, आणि परतण्याचा रस्ता दुसरा. तेव्हा एका रस्त्यावरच्या दुकानदारांचे गिऱ्हाईक एका अधिसूचनेने दुसऱ्या रस्त्यावर जाते. चौकाच्या कोपऱ्यावरील ज्या दुकानाचा दर्शनी भाग वाहनांच्या पाठीकडे येतो, त्याची पाटी तर कोणाच्या नजरेसही पडत नाही. हॅमिल्टनचा मध्यभाग पुढील काही दशकांत उतरणीला लागला. त्याचा सर्व दोष रस्त्यांच्या दिशेवर ढकलणे योग्य होणार नाही. पोलादाच्या धंद्याला आलेली मंदी आणि उपनगरांतील मोठमोठ्या बाजारसंकुलांची ओढ ही कारणेही तितकीच बलवत्तर होती. परंतु घसरणाऱ्या पेठेला या रस्त्यांनी आधार दिला नाही एवढे निश्चित म्हणता येते.

दुकानांचे नुकसान पैशात मोजता येते. हॅमिल्टनमध्ये याहून वेगळी एक मोजणीही झाली. त्या शहरात वाहनांखाली सापडून जखमी झालेल्या लहान मुलांच्या अपघातांचा अभ्यास करून काही संशोधकांनी २००० साली आपले निष्कर्ष कॅनडातील सार्वजनिक आरोग्याच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध केले. एकेरी रस्त्यांवर पायी चालणाऱ्या मुलांना होणाऱ्या इजांचे प्रमाण दुहेरी रस्त्यांच्या तुलनेने अडीच पट आढळले. आणखी एक गोष्ट दिसून आली, ती अशी की सर्वांत गरीब वस्त्यांतील मुलांना इजा होण्याचे प्रमाण सधन वस्त्यांतील मुलांच्या तिप्पट होते.

हे आकडे प्रथमदर्शनी कोड्यात टाकणारे वाटतात. चौकातील धोक्याच्या जागा ३२ वरून ५ वर आल्या, तर मुले अधिक सुरक्षित व्हावयास हवीत. पण ते गणित गाड्यांच्या एकमेकींशी होणाऱ्या टकरींचे होते. त्यात पायी चालणाऱ्याची रेघ काढलेलीच नव्हती. रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला एकाच बाजूला पाहावे लागते हे खरे. परंतु शेजारी शेजारी चार रांगा असल्या म्हणजे पहिल्या रांगेतील सज्जन चालक मुलासाठी थांबतो, त्याच्या थांबलेल्या गाडीमुळे पलीकडच्या रांगेतील चालकाला मूल दिसत नाही आणि मुलाला ती गाडी दिसत नाही. जी गाडी थांबली तीच आड येते. दुसरे असे की वेगाचा आघात वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३० ऐवजी ५० किलोमीटर वेगाने येणाऱ्या गाडीचा वेग पावणेदोन पटींहून कमी असला, तरी तिच्या अंगची ऊर्जा पावणेतीन पट असते. गरीब वस्तीचे कारण उघड आहे. आरपार जाणारे रस्ते शहराच्या जुन्या, मधल्या भागातून काढले जातात. तेथे भाडी कमी असतात, अंगणे नसतात आणि मुलांना पदपथाखेरीज दुसरी जागा नसते. गाडीतून जाणारा उपनगरात राहतो आणि त्याची पाच मिनिटे वाचतात. ज्याच्या दारावरून तो जातो त्याच्याकडे पुष्कळदा गाडीच नसते.

ती पाच मिनिटे तरी खरोखर वाचतात काय, याविषयीही पुढे शंका घेतली गेली. एकेरी रस्त्यांच्या जाळ्यात गाडी वेगाने धावते, पण तिला वळसा घ्यावा लागतो. इच्छित जागा मागे राहिली तर तीन बाजूंनी फिरून यावे लागते. या वळशांमुळे प्रत्येक चौकातून जाणाऱ्या गाड्यांची संख्या फुगते, आणि ही फुगलेली संख्या मोजणाऱ्याला तो रस्त्याच्या यशाचा पुरावा वाटतो! विकाश गायाह व कार्लोस डगान्झो या दोन संशोधकांनी २०१२ च्या सुमारास या प्रश्नाची गणिती मांडणी केली. चौकातून किती गाड्या गेल्या हे न पाहता किती लोक आपापल्या जागी पोचले हे पाहावे, अशी त्यांची दृष्टी. तसे पाहिले असता, त्रासाचे वळण बंद ठेवलेले दुहेरी रस्ते एकेरी रस्त्यांपेक्षा अधिक प्रवास पार पाडू शकतात. आणि प्रवास आखूड असतील तर वळणाला मुभा देणारे दुहेरी रस्तेही सरस ठरू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मध्यम शहराच्या पेठेतील प्रवास आखूडच असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे महत्त्व लक्षात येईल.

गणितापेक्षा प्रत्यक्ष प्रयोगावर ज्यांचा विश्वास अधिक, त्यांच्यासाठी लुइव्हिलचे उदाहरण आहे. केंटकी राज्यातील ओहायो नदीकाठचे हे शहर घोड्यांच्या शर्यतीसाठी आणि मुष्टियोद्धा महंमद अली याचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. तेथे ब्रुक स्ट्रीट व फर्स्ट स्ट्रीट हे जुन्या वस्तीतील दोन एकेरी रस्ते २०११ साली पुन्हा दुहेरी करण्यात आले. विल्यम रिग्ज व जॉन गिल्डरब्लूम यांनी आधीची व नंतरची स्थिती ताडून पाहिली. एका रस्त्यावरचे अपघात ३६ टक्क्यांनी, तर दुसऱ्यावरचे ६० टक्क्यांनी घटले होते. आणि तेही रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांची संख्या वाढली असताना. गुन्हे सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले, गाड्यांच्या चोऱ्या एक तृतीयांशाने कमी झाल्या, आणि घरांच्या किमती चढल्या. रस्त्याची दिशा आणि चोरी यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध एवढाच की गाड्या हळू जाऊ लागल्या, माणसे पायी फिरू लागली, घरमालक पुढची खोली रस्त्याकडे उघडी ठेवू लागले, आणि चोराला एकांत मिळेनासा झाला. अर्थात दोन रस्त्यांच्या अनुभवावरून साऱ्या जगाला नियम घालून देता येत नाही. घरांच्या किमती इतर कारणांनीही चढतात. अपघातांचे आकडे मात्र सहजासहजी बाजूला सारता येण्याजोगे नाहीत.

असे असले तरी एकेरी रस्ता हा सर्वत्र वाईटच, असे म्हणणाऱ्यांनी एकदा ऑरेगन राज्यातील पोर्टलंडकडे पाहावे. तेथील मध्यभागात जवळजवळ सर्व रस्ते एकेरी आहेत, आणि तरीही पायी हिंडण्यास सुखाचे म्हणून त्या भागाची ख्याती आहे. हे कसे? पोर्टलंडचे चौक एकमेकांपासून अवघ्या ६० मीटरांच्या आसपास आहेत. म्हणून वळसा घ्यावा लागला तरी तो लहान. रस्ते अरुंद आहेत, चार-पाच रांगांचे नाहीत. आणि मुख्य म्हणजे दिव्यांची हिरवी लाट ताशी सुमारे २० ते २५ किलोमीटर वेगाला बसविलेली आहे. जो घाई करतो त्याला पुढचा दिवा तांबडाच मिळतो. सायकलवाला मात्र लाटेबरोबर निवांतपणे जातो. हॅमिल्टन आणि पोर्टलंड यांच्याकडे असलेले यंत्र एकच. ते कोणत्या वेगाला लावावे याचा निर्णय भिन्न आहे. यावरून मूळ दोष दिशेचा नसून रुंदी व वेग यांचा आहे, हे म्हणणे बऱ्याच अंशी मान्य करावे लागते. फरक इतकाच, की एकेरी आणि रुंद रस्ता वेगाला आमंत्रण देतो, आणि ते आमंत्रण रद्द करण्याची इच्छाशक्ती फार थोड्या नगरपालिकांजवळ असते.

एकदा एकेरी झालेला रस्ता पुन्हा दुहेरी करणे हे नुसती पाटी उलटी करण्याइतके सोपे नाही. प्रत्येक चौकात उलट दिशेला तोंड करणारे नवे दिवे लागतात. ट्रकांना वळता यावे म्हणून पदपथांचे कोपरे कापावे किंवा भरावे लागतात. मालाच्या गाड्या पूर्वी कोणत्याही रांगेत उभ्या राहून उतरून घेता येत. आता त्यासाठी नेमून दिलेली जागा हवी. बसचे थांबे हलतात, पण हे स्थलांतर उतारूंच्या फायद्याचे असते, कारण ज्या थांब्यावर उतरले त्याच्या समोरूनच परतीची बस मिळू लागते. नवख्या माणसाला शेजारच्या रस्त्यावर ती शोधत हिंडावे लागत नाही. हॅमिल्टनने या शतकाच्या पहिल्या दशकात जेम्स स्ट्रीट व जॉन स्ट्रीट हे उत्तर-दक्षिण रस्ते पुन्हा दुहेरी केले. जेम्स स्ट्रीटच्या उत्तर भागात पुढे चित्रशाळा व उपाहारगृहे आली आणि दर महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी सायंकाळी तेथे कलाप्रेमींची जत्रा भरू लागली. मेन स्ट्रीटला हात लावण्याचे धैर्य मात्र कित्येक वर्षे होत नव्हते. २०२२ साली पादचाऱ्यांच्या मृत्यूंनी शहर हादरले, आणि तेव्हा कुठे मेन स्ट्रीट दुहेरी करण्याचा ठराव महापालिकेने संमत केला. रस्ता एकेरी होऊन त्या वेळी ६६ वर्षे लोटली होती.

आपल्याकडील शहरांना या अनुभवातून काय घेता येईल हा प्रश्न थोडा निराळ्या रीतीने मांडावयास हवा. अमेरिकन शहराचे रस्ते पट्टीने आखलेले, रुंद आणि समांतर. एक जाण्याचा व एक येण्याचा अशी जोडी तेथे सहज सापडते. आपल्या जुन्या पेठा, बोळ आणि आळ्या अशा जोडीने जन्माला आलेल्या नाहीत. सहा मीटर रुंदीच्या गल्लीत समोरासमोर दोन टेम्पो आले तर वादाखेरीज काहीच पुढे सरकत नाही. तेथे एकेरी वाहतूक हा पसंतीचा प्रश्नच नसून ती अपरिहार्य आहे, आणि अशा गल्लीत वेगाचे भयही नसते. पुण्यातील लक्ष्मी रस्ता एकेरी असूनही त्यावरील कापडाच्या व सराफीच्या पेढ्यांना गिऱ्हाइकाची वाण पडलेली नाही, कारण ते गिऱ्हाईक पायी येते. कोलकात्याने आणखी निराळी युक्ती योजिली. तेथील कित्येक रस्ते सकाळी एका दिशेने एकेरी असतात आणि दुपारनंतर त्यांची दिशा उलटते. सकाळचा ओघ कचेऱ्यांकडे आणि सायंकाळचा घरांकडे, या न्यायाने. परगावचा चालक गोंधळतो, पण रस्त्यावरच्या दुकानदाराला निदान दिवसातून एकदा तरी परतणारे गिऱ्हाईक लाभते.

परंतु जेथे रुंद रस्त्यांची जोडी करून दोन्ही एकेरी केले जातात, तेथे हॅमिल्टनचेच दुखणे आपल्या पद्धतीने प्रकट होते. पन्नास मीटर मागे असलेल्या दुकानात जाण्यासाठी जर पाऊण किलोमीटरचा वळसा पडणार असेल, तर दुचाकीस्वार वळसा घेत नाही; तो कडेकडेने उलटा येतो. हे त्याचे करणे बेकायदेशीर व धोक्याचे आहे यात शंका नाही, आणि दंड झालाच पाहिजे. तथापि रस्ता ओलांडणारी म्हातारी एकेरी रस्ता म्हणून एकाच बाजूला पाहत असते, आणि धोका दुसऱ्या बाजूने येतो. ज्या रस्त्यावर रोज शेकडो लोक उलटे येतात, तेथे आखणी करणाऱ्यानेही आपला कागद पुन्हा तपासावा हे बरे. रिक्षाच्या वळशाचे भाडे उतारू देतो, आणि हातगाडीवाल्याच्या व सायकलस्वाराच्या वळशाची किंमत त्यांच्या श्रमांतून वसूल होते. बेल्जियममध्ये २००४ पासून वेगमर्यादा कमी असलेल्या एकेरी रस्त्यांवर, पुरेशी रुंदी असल्यास, सायकलींना दोन्ही दिशांनी जाऊ देण्याचा नियम आहे, आणि ब्रुसेल्सच्या बहुतेक एकेरी गल्ल्यांतून सायकली आज कायदेशीरपणे समोरून येतात. प्रवेशबंदीच्या पाटीखाली ‘सायकली वगळून’ एवढे शब्द असलेली दुसरी छोटी पाटी तेथे लावलेली असते.

भारत सरकारने २००६ साली जाहीर केलेल्या नागरी वाहतुकीच्या राष्ट्रीय धोरणात रस्त्याची जागा वाहनांना न देता माणसांना द्यावी असे तत्त्व मांडलेले आहे. ते एकेरी रस्त्याला लावून पाहावयाचे झाले, तर मोजणीची रीतच बदलावी लागेल. चौकात तासाला किती गाड्या गेल्या याबरोबरच किती माणसांनी तो चौक पायी ओलांडला, शाळा सुटण्याच्या वेळी गाड्यांचा वेग किती होता, बसच्या उतारूला परतीचा थांबा किती दूर पडला, आणि उलट दिशेने किती दुचाक्या आल्या, हेही वहीत उतरवावे लागेल. पोलीस खाते एकेरी वाहतूक पुष्कळदा प्रथम प्रायोगिक म्हणून काही आठवड्यांसाठी जाहीर करते आणि नागरिकांच्या हरकती व सूचना मागविते. ही मोजणी करावयाची ती त्याच आठवड्यांत, आणि तीही प्रयोगाच्या आधी एकदा व नंतर एकदा. पाट्या सिमेंटमध्ये पक्क्या बसविल्यानंतर नव्हे.